खत मुरतं तिथेच भुंगा वाढतो

नारळाची रोपवाटिका बघायला गेलेला माणूस आधी पानं बघतो. रत्नागिरीकडच्या एका आगरात मीही तेच करत होतो. तिथल्या काकांनी मला वाफ्यापासून थेट शेणखताच्या खड्ड्याकडे नेलं. "कीड हितं जन्मते, रोपावर जाते ती नुसती जेवायला," ते म्हणाले.

कुदळीने कडेचं खत ओढलं तशा अंगठ्याएवढ्या जाड, पांढुरक्या, वाकड्या अळ्या बाहेर पडल्या. गावात त्यांना सरसकट हुमणी म्हणतात. पण हुमणी मुळं खाते, ह्या कुजलेल्या खतावर पोसतात आणि काही महिन्यांनी गेंड्या भुंगा होऊन रात्री नारळाकडे उडतात. खड्डा वाफ्यालगत असतो, कारण खत वाहायला सोपं. भुंग्यालाही तेच सोयीचं.

मोठ्या माडाचं हा भुंगा सहसा नुकसान करतो, जीव घेत नाही. न उघडलेला कोंब तो पोखरतो. पुढे ते पान उलगडतं तेव्हा कात्रीने त्रिकोणी तुकडे कापल्यासारखं दिसतं. रोपाला मात्र ही चैन नाही. नारळाला वाढीचं टोक एकच, फांदी फुटायची सोय नाही. कोवळ्या गाभ्यात भुंगा शिरला की रोप गेलंच म्हणायचं. शिवाय त्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या गाभा आतून खातात. म्हणून भोकाशी चावलेला ताजा चोथा दिसला की काका वाकड्या तारेने भुंगा ओढून काढतात आणि पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरतात. अळ्यांवर उपाय खड्ड्यातच: खत वरचेवर उपसायचं, कोंबड्या सोडायच्या, नाहीतर मेटारायझियम बुरशी मिसळायची. ती लागलेली अळी कडक होते आणि तिच्यावर हिरवी भुकटी धरते.

वाफ्यातला चोर वेगळा. बियाण्याचा नारळ सोडणासकट लावतात, आणि सोडण म्हणजे वाळवीचं आवडतं खाणं. वरून काहीच कळत नाही, फक्त मधलं पान मलूल होतं. उपटून पाहिलं तर सोडणाच्या जागी मातीचे बोगदे. इथे नारळांवर नदीच्या वाळूचा थर देतात. वाळूत वाळवीला वाट बांधणं जड जातं.

पांढऱ्या माशीबद्दल काकांशी माझा थोडा वाद झाला. रुगोज चक्राकार पांढरी माशी भारतात पहिल्यांदा 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीजवळ सापडली. पानाखाली ती गोल गोल ओळींत अंडी घालते, तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि पान काजळल्यासारखं होतं. फवारलं तर बरं, असं माझं म्हणणं. काका म्हणाले, औषधाने माशीची पिलं खाणारे जीवही मरतात. ते बरोबर होते. एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी त्या पिलांत अंडी घालते, आणि सरसकट फवारणीत आधी तीच मरते. रोपं थोडी असतील तर पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा मारणं चांगलं.

ही माशी स्वतः फार लांब उडत नाही, रोपांबरोबर गाडीत बसून येते. म्हणून रोप विकत घेताना मी आता पान उलटून बघतो, बुंध्याशी भोक आहे का ते चाचपतो आणि रोपवाल्याला विचारतो, खताचा खड्डा कुठे आहे.