काळ्या मडक्याला रंग लावलेला नसतो

भातकापणी झाली, की भिवपुरी रोड स्टेशनच्या आसपासची खाचरं उन्हाने तडकतात. ज्वालामुखीचा खडक बेसॉल्ट झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मडक्याला असा स्वभाव परवडत नाही, म्हणून कुंभार मातीत राख, लीद किंवा बारीक वाळू मळतो.

न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा या प्युब्लो आदिवासींच्या गावाची जमीनही ज्वालामुखीचीच. तिथे मातीत ज्वालामुखीची बारीक राख कालवतात. मार्गारेट टफोया (१९०४–२००१) आणि त्यांचे पती अल्कारियो यांची कोरीव काळी भांडी याच गावची. आपल्याकडे चाकावर बसायचं पुरुषाने, मळण्या-वाहण्याचं बरंचसं काम बायकोचं. तिथे चाकच नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडा उभा करायच्या त्या मार्गारेट. माती आणणं, नक्षी, भाजणं यांत अल्कारियोंचा हात असे.

कोरण्याची वेळ मोठी अवघड. ओल्या मातीत रेघेची कड ढासळते, सुकलेलीचा टवका उडतो. त्यात खोल कोरायचं तर भिंत जाड हवी, आणि जाड भिंतीत पाणी दडून राहतं. आगीत त्याची वाफ झाली, की कित्येक दिवसांचं काम फटकन फुटतं. कोरल्यावर उंच भाग गुळगुळीत दगडाने घासून चकचकीत करायचा. झिलई अशी नाहीच.

आता रंग. मोकळ्या आगीत मातीतलं लोह लाल हेमटाइटच्या रूपात राहतं. पण ऐन तापात आगीवर लिदेचा भुगा लोटला, की हवा कोंडते. कार्बन मोनॉक्साइड हेमटाइटमधला ऑक्सिजन ओढून घेतो, काळा मॅग्नेटाइट तयार होतो आणि काजळी छिद्रांत शिरते. हे सारं साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास. आच फार वाढली तर चकाकी जाते. संक्रांतीची काळी सुगडं धुरावून काळी केलेली असतील, तर त्यांचंही रसायन हेच.

हा काळेपणा कायमचा मात्र नव्हे. मोकळ्या हवेत पुन्हा तापवलं, की मडकं तांबूस होतं. जवळच्याच सान इल्डेफोन्सो गावच्या मारिया आणि हुलियान मार्टिनेझ या दांपत्याने १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी काढली. पुढे त्यांचा मुलगा पोपोवी दा याने या उलट्या क्रियेचाच उपयोग करून एकाच भांड्यावर काळा आणि तांबूस असे दोन्ही रंग आणले.