सेंट आइव्हजचा जपानी कुंभार

भाद्रपद जवळ आला की आपल्या बेटावर घरोघरी गणपतीच्या मातीची चर्चा सुरू होते. माती कुठून आणावी, ती तडकेल काय, हे आपली वडीलधारी माणसे हात लावून सांगतात. अशा वाचकांना शोजी हामादा यांची ओळख करून देण्यात आम्हांला आनंद वाटतो.

हामादांचा जन्म १८९४ साली जपानमध्ये झाला. तोक्योला शिक्षण घेऊन ते क्योतोच्या प्रयोगशाळेत झिलईचे प्रयोग करीत असत. पुढे बर्नार्ड लीच या इंग्रज कलावंताबरोबर १९२० साली ते इंग्लंडला आले. कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी दोघांनी कारखाना थाटला व जपानी धर्तीची चढती भट्टी बांधली. उतारावर एकीला लागून दुसरी अशा खोल्या. खालच्या खोलीचा जाळ वरच्या खोलीत चढत जातो. पाश्चात्त्य देशांत अशी भट्टी प्रथम येथेच झाली.

पण जागा गैरसोयीची! त्या भागात लाकूड कमी, मनाजोगी माती मिळेना, भट्टीही नीट चालेना. १९२२ साली पिढीजात कुंभार घराण्यातले त्सुरुनोसुके मात्सुबायाशी जपानहून आले आणि त्यांनी ती तीन खोल्यांची नव्याने बांधून दिली. लीच आणि हामादा यांचा गौरव होतो तेव्हा या गृहस्थांचे नाव मागे पडते, हे आम्हांला बरे वाटत नाही.

हामादा परदेशात केवळ आपली विद्या दाखवीत बसले नाहीत. जुने इंग्रज कुंभार तांबड्या मातीच्या ताटांवर पातळ पांढऱ्या मातीच्या धारेने नक्षी काढीत. कारखान्यांच्या मालापुढे ती रीत मरणपंथाला लागली होती. हामादा व लीच यांनी ती पुन्हा हाती घेतली. इंग्रजांच्या पणजोबांची कला इंग्रजांना परत देण्यात एका जपान्याचा वाटा असावा, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. आपली ओवी किंवा झाकरी एखाद्या परक्याने आवडीने शिकावी, तर आपली मुलेही कान देतील काय?

ससेक्समधील डिचलिंग या खेड्यात एथेल मेरे या विणकर बाईंचे घर हामादांनी पाहिले. खेड्यात राहून हाताने काम करीत उत्तम जगता येते, हे त्यांच्या मनात ठसले. १९२३ साली लंडनमध्ये त्यांच्या भांड्यांचे प्रदर्शन झाले; त्याच वर्षी जपानमध्ये मोठा भूकंप झाला. १९२४ साली ते मायदेशी पोहोचले व माशिको गावी गेले. तेथले कुंभार पाण्याचे रांजण आणि चहाच्या किटल्या करीत. हामादा त्यांच्यातच राहिले. मांडी घालून बसायचे आणि काठीने चाक फिरवायचे, आपल्या देशावरच्या कुंभारासारखे.

सेंट आइव्हजला त्यांच्या भांड्यांवर शिक्का असे. माशिकोला आल्यावर त्यांनी भांड्यांवर नाव घालणे सोडले. (भांडे ठेवायच्या लाकडी पेटीवर मात्र सही करीत, गिऱ्हाइकालाही काही हवेच ना!) १९५५ साली जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. १९७८ साली ते वारले.

इंग्लंडात शिकणाऱ्या आपल्या मुलांना सुट्टीत कॉर्नवॉलला जाणे झाले तर सेंट आइव्हजचा तो कारखाना जरूर पाहावा. २००८ पासून तेथे संग्रहालय आहे. मात्सुबायाशींची भट्टी आता पेटत नाही, पण तिन्ही खोल्यांसह ती जागच्या जागी उभी आहे, आणि शेजारी तरुण कुंभार चाकावर काम करीत असतात.