जुना लॉनमोअर थकला? नवा घेण्याआधी...

सेल्फ-प्रोपेल्ड लॉनमोअरमध्ये इंजिन किंवा मोटर पात्याबरोबर चाकेही फिरवते. आपण फक्त दिशा द्यायची.

● गरज : रो-हाउसच्या छोट्या अंगणाला हाताने ढकलायचा मोअर पुरतो. सोसायटीची मोठी हिरवळ किंवा खारघरच्या डोंगरपायथ्यासारखा चढ असेल, तरच जास्तीचे पैसे मोजा.

● चाके : चढावर मागच्या चाकांना गती देणारा मोअर घ्या. सपाट, वळणावळणाच्या जागेत पुढच्या चाकांचा सोपा.

● रुंदी : घरगुती मोअर साधारण 18 ते 21 इंच पट्टा कापतो. फाटक आणि झाडांमधली वाट आधी मोजा.

● सांगाडा : खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. ॲल्युमिनियम किंवा पॉलिमर बरे.

● इंधन : इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. मोअर महिनाभर बंद राहणार असेल, तर टाकी रिकामी करा. बॅटरीवाल्याचा आवाज कमी, पण नव्या बॅटरीची किंमत आधीच विचारा.

● पावसाळा : ओले गवत पात्याखाली साचते. उघडीप मिळताच कापा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. वायरचा मोअर ओल्यात चालवूच नका.

● सुटे भाग : पाते, पट्टा, फिल्टर जवळपास मिळतात का, ते पाहूनच ब्रँड ठरवा.