एका कानानं ऐकताना

जिवाणूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये मेंदूभोवतीच्या आवरणांना सूज येते. जोराचा ताप, उलट्या, ताठरलेली मान, कधी बेशुद्धी. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक मुलं वाचतात आणि काही आठवड्यांनी शाळेतही येतात. हातपाय धड, चेहरा पूर्वीसारखाच. पण यांतल्या काहींची एका किंवा दोन्ही कानांची ऐकण्याची शक्ती गेलेली असते.

असं का होतं? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातला द्रव एका अतिशय बारीक वाटेनं मेंदूभोवतीच्या द्रवाशी जोडलेला असतो. त्या वाटेनं संसर्ग आत शिरू शकतो. नळीतल्या केसपेशी कंपनांचं विद्युत-संदेशांत रूपांतर करतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. पुढं या नळीत हाड भरू लागलं, तर कॉक्लियर इम्प्लांट बसवणंही अवघड होतं. म्हणून या आजारानंतर श्रवणचाचणी लगेच व्हायला हवी.

एकच कान गेला असेल तर? शांत खोलीत, समोरासमोर मूल व्यवस्थित बोलतं. अडचण येते वर्गात. आपल्या दोन कानांमध्ये सुमारे २० सेंटिमीटर अंतर असतं आणि हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे एका बाजूनं आलेला आवाज दुसऱ्या कानाला साधारण ०.०००६ सेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून आणि तीव्रतेतल्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो, गोंगाटातून हवा तो आवाज निवडतो. एका कानावर हे फार कठीण. शिवाय डोकं मध्ये आल्यानं उच्च कंप्रतेचे आवाज अडतात. 'स', 'श' अशी व्यंजनं निसटतात. हाक मारली की मूल भलतीकडेच बघतं. ऐकण्याच्या श्रमानं थकतं. आपण म्हणतो, 'लक्ष नाही!'

वर्गात करून पाहा. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधा, त्याला एक कान बोटानं घट्ट बंद करायला सांगा. इतरांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून टाळी वाजवायची, त्यानं दिशा दाखवायची. मग दोन्ही कान उघडे ठेवून हेच करा. दोन्ही वेळच्या चुका मोजा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. मात्र श्रवणदोषाच्या व्याख्येत दोन्ही कानांची किमान ६० डेसिबल घट धरली आहे. एकच कान पूर्ण गेलेलं मूल त्यात बसत नाही. म्हणजे त्याला प्रमाणपत्रही नाही आणि दिसणारी खूणही नाही.

पण पुढच्या बाकावर बसवायला प्रमाणपत्र कशाला हवं? उजवा कान गेला असेल तर मुलाला त्याच्या उजव्या टोकाला बसवा, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहील. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि 'कळलं का?' असं विचारण्याऐवजी 'काय ऐकलंस ते सांग' असं म्हणा.