पाठीवरचे बिऱ्हाड, सोबतीला इंटरनेट

फिरत्या घरासाठी सेल्युलर राउटर निवडताना

२४ जुलै १९६९ हा दिवस. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघा अंतराळवीरांना पॅसिफिक महासागरातून यूएसएस हॉर्नेट या नौकेवर आणण्यात आले आणि तेथे त्यांना थेट एका बंद ट्रेलरमध्ये नेण्यात आले. चंद्रावरील एखादा अज्ञात जंतू पृथ्वीवर पसरू नये, यासाठी नासाने एअरस्ट्रीम कंपनीच्या प्रवासी ट्रेलरचे रूपांतर विलगीकरण कक्षात करून घेतले होते. त्या ट्रेलरच्या काचेआडून, इंटरकॉमच्या साहाय्याने, अंतराळवीरांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी संवाद साधला. चाकांवरच्या घरात बसलेल्या माणसाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एखादी तार किती मोलाची असते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आज ती तार अदृश्य झाली आहे, तिचे मोल मात्र वाढले आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही आपली म्हण अमेरिकेत लाखो कुटुंबे अक्षरशः जगत असतात. मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून न्यायचे घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, ही तेथील जुनी आवड. पूर्वी ती सुटीपुरती होती. २०२० च्या महासाथीनंतर घरून काम करण्याची सवलत अनेकांना मिळाली आणि ट्रेलर हेच काहींचे कार्यालय झाले. निवृत्त दांपत्ये थंडीचे महिने दक्षिणेकडील उबदार राज्यांत घालवतात. मुला-नातवंडांकडे गेलेले आपल्याकडील आई-वडीलही कधी अशा सहलीत सामील होतात. कुणाची नोकरी, कुणाची डॉक्टरांशी दूरभेट, तर कुणाचे बँकेचे व्यवहार आता त्या ट्रेलरमधील एका छोट्या पेटीवर अवलंबून असतात. ही पेटी म्हणजे सेल्युलर राउटर.

आधी गरज, मग खरेदी

कर्जाच्या अर्जावर विचार करताना बँक प्रथम गरज आणि परतफेडीची क्षमता तपासते. राउटरच्या खरेदीतही हाच क्रम हितावह ठरतो. वर्षातून दोन आठवडे फिरणाऱ्या कुटुंबाला मोबाइल फोनचा हॉटस्पॉट बहुधा पुरतो. वरचेवर फिरणाऱ्यांना बॅटरीवर चालणारे खिशाएवढे हॉटस्पॉट यंत्र सोयीचे पडते. त्याची किंमत साधारणतः काहीशे डॉलर असते. मात्र ज्यांची उपजीविकाच इंटरनेटवर चालते, त्यांना वाहनासाठी खास बनविलेला राउटर घेणे क्रमप्राप्त होते. पेपलिंक, क्रेडलपॉइंट यांसारख्या कंपन्यांच्या या यंत्रांची किंमत हजार डॉलरच्या घरात किंवा त्याही पुढे जाते. सुटीतल्या चित्रपटासाठी एवढा खर्च करणे ही उधळपट्टी होय. पण ज्याची नोकरी एका बैठकीतील गैरहजेरीने अडचणीत येऊ शकते, त्याच्यासाठी तो खर्च विम्याच्या हप्त्यासारखा आहे.

वारंवारितेचे गणित

राउटरच्या आत मोडेम असतो आणि यंत्राची खरी कुवत त्याच्यावर ठरते. दूरसंचार कंपन्या वेगवेगळ्या वारंवारितांच्या पट्ट्यांवर, म्हणजेच बँडवर, सेवा देतात. कमी वारंवारितेच्या लहरी दूरवर पोहोचतात, झाडाझुडपांतून व भिंतींतून वाट काढतात; परंतु त्यांची वाहून नेण्याची क्षमता मर्यादित असते. उच्च वारंवारितेच्या लहरी वेग देतात, पण त्यांचा पल्ला तोकडा असतो. अमेरिकेत आडवाटेला जाणाऱ्यांसाठी तीन पट्टे विशेष महत्त्वाचे आहेत : टी-मोबाइलचा ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१, व्हेरायझनचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड १३ आणि एटी अँड टीचा ७०० मेगाहर्ट्झमधील बँड १४. ज्या मोडेममध्ये हे पट्टे नाहीत, तो शहरात झकास चालेल आणि जेथे त्याची खरी निकड आहे त्या रानावनात मुका होईल.

याच कारणाने भारतातून स्वस्तात नेलेला राउटर तेथे उपयोगी पडेलच असे नाही. कारण दोन्ही देशांतील पट्टे बऱ्याच अंशी भिन्न आहेत. जुन्या बाजारातील यंत्र घेतानाही सावध राहावे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी आपली थ्रीजी सेवा २०२२ मध्ये बंद केली. तेव्हा केवळ थ्रीजीवर चालणारा राउटर तेथे कितीही स्वस्त मिळाला तरी निरुपयोगीच. फोरजी यंत्रांतही प्रतवारी असते. ‘कॅटेगरी ४’ चा मोडेम सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला १५० मेगाबिट उतरवू शकतो, तर ‘कॅटेगरी १२’ चा ६००. वरच्या श्रेणीचा मोडेम एकाच वेळी अनेक पट्टे एकत्र वापरतो, हा त्याचा खरा लाभ.

रेघा भरलेल्या, इंटरनेट संथ

ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्टझाइट नावाचे सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव आहे. हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीतील वाहन प्रदर्शनाच्या सुमारास, तेथे फिरत्या घरांचा महापूर लोटतो. अशा वेळी यंत्रावर सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात, पण साधे पत्रही उघडत नाही. अनेकांना हा यंत्राचा दोष वाटतो. वास्तविक बँकेच्या ग्राहकाला हे कोडे सहज उलगडावे. शाखा घराशेजारीच आहे, दारही उघडे आहे. पण आत खिडकी एकच आणि तिच्यापुढे शंभर जणांची रांग. शाखेची जवळीक म्हणजे सिग्नलची ताकद आणि रांग म्हणजे मनोऱ्यावरील गर्दी. अँटेना कितीही उत्तम घेतली तरी रांग कमी होत नाही. त्यावर उपाय एकच : दुसऱ्या बँकेत खाते असणे!

म्हणूनच जाणकार दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे बाळगतात. मात्र येथे एक बारीक भेद ध्यानात घ्यावयास हवा. ‘दोन सिम’ असलेल्या राउटरमध्ये मोडेम एकच असेल, तर एका वेळी एकच कंपनीची सेवा चालते. दुसरीकडे वळताना संपर्क काही काळ तुटतो. ‘दोन मोडेम’ असलेल्या राउटरमध्ये दोन्ही सेवा एकाच वेळी जाग्या असतात. किंमत अर्थातच जास्त. चालू बैठकीत खंड पडणे ज्यांना परवडत नाही, त्यांनीच दुसऱ्या प्रकाराकडे वळावे.

आणि जेथे मनोराच नाही तेथे? वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात १९५८ पासून रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत. दुर्बिणीच्या निकट मोबाइल सेवा जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी जगातील सर्वांत महाग राउटरही केवळ शोभेची वस्तू ठरतो. निघण्यापूर्वी कंपन्यांचे सेवाक्षेत्राचे नकाशे पाहणे, हा या बाबतीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. उपग्रहाद्वारे मिळणारी स्टारलिंकसारखी सेवा २०२२ पासून फिरत्या घरांनाही उपलब्ध झाली. परंतु तिला मोकळे आकाश लागते. दाट झाडीखाली ती अडखळते, तेथे मनोऱ्याचा सिग्नल तग धरतो. उघड्या माळावर नेमके उलट होते. त्यामुळे या दोन सेवा परस्परांच्या स्पर्धक नसून पूरक आहेत.

छतावरील अँटेना

ट्रेलरचे चकाकणारे ॲल्युमिनियमचे कवच देखणे असले, तरी धातू रेडिओ लहरींना अडवतो. आत ठेवलेल्या राउटरपर्यंत पोहोचता पोहोचता सिग्नल क्षीण होतो. छतावर अँटेना बसविल्यास हा अडसर दूर होतो. आधुनिक मोडेम एकाच वेळी दोन किंवा चार अँटेनांतून माहिती घेतो. म्हणून छतावरील एकाच घुमटात अनेक अँटेना आणि त्यांच्या अनेक केबल असतात. केबल जितकी लांब, तितका सिग्नल वाटेत झिरपतो. तेव्हा राउटर अँटेनाच्या जवळच बसविणे श्रेयस्कर.

सिग्नल वाढविणाऱ्या ‘बूस्टर’चा मोह अनेकांना होतो. सिग्नल अगदीच दुबळा असेल तेथे तो कामी येतो. परंतु बहुतेक बूस्टर एकाच अँटेनामार्गाने काम करीत असल्याने चांगल्या सिग्नलच्या जागी वेग वाढण्याऐवजी घटूही शकतो. अमेरिकेत शासनमान्य बूस्टर कंपनीकडे नोंदवून वापरता येतो. भारतात मात्र विनापरवाना बूस्टर बसविणे बेकायदेशीर आहे, हे तिकडून अशी वस्तू भेट म्हणून आणणाऱ्यांनी विसरू नये.

विजेचा ताळेबंद

कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी असली तर प्रश्न नसतो. पण आडरानात सारा संसार १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तेथे जमा-खर्च काटेकोर मांडावा लागतो. राउटरला सरासरी १० वॅट लागतात असे धरले, तर दिवसरात्र चालविल्यास २४० वॅट-तास, म्हणजे सुमारे २० अँपिअर-तास खर्ची पडतात. १०० अँपिअर-तासांच्या पारंपरिक लेड-ॲसिड बॅटरीतील निम्मीच वीज वापरणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने योग्य मानले जाते. म्हणजे हाताशी ५० अँपिअर-तास आणि त्यातले २० एकट्या राउटरचे! दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांचा हिशेब वेगळाच.

म्हणून थेट १२ व्होल्टवर चालणारा आणि बॅटरीच्या दाबातील चढउतार सोसणारा राउटर घ्यावा. घरगुती राउटर इन्व्हर्टरवर चालविल्यास रूपांतरात वीज वाया जाते. उन्हात तापणाऱ्या बंद कपाटात यंत्र कोंबू नये, हेही ओघाने आलेच.

बारीक अक्षरे वाचा

ठेवीच्या वा कर्जाच्या कागदपत्रांतील बारीक अक्षरे वाचावीत, असे बँका ग्राहकांना सांगत आल्या आहेत. डेटा योजनांबाबत हा सल्ला दुप्पट लागू पडतो. ‘अमर्याद’ या शब्दाला बहुधा मर्यादा असते. काही योजनांत ठरावीक वापरानंतर वेग कायमचा खाली आणला जातो. काहींत केवळ गर्दीच्या वेळी अशा ग्राहकाला रांगेत मागे उभे केले जाते. फोनवरील अमर्याद योजनेत हॉटस्पॉटसाठी स्वतंत्र, बरीच कमी मर्यादा असू शकते. घरगुती इंटरनेटच्या अनेक योजना नोंदविलेल्या पत्त्याशी बांधलेल्या असतात. पत्ता सोडून फिरल्यास सेवा खंडित होऊ शकते. फोनसाठी घेतलेले सिम राउटरमध्ये घातल्याचे कंपनीला यंत्राच्या ओळख क्रमांकावरून कळू शकते. चार डॉलर वाचविण्यासाठी अशा पळवाटा शोधणाऱ्याची सेवा नेमकी परगावी, महत्त्वाच्या दिवशी बंद पडली, तर तक्रार करण्यासही जागा उरत नाही.

आणि ओटीपी?

बँकेच्या ग्राहकांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी. छतावर उत्तम अँटेना आहे, राउटर वेगवान आहे, बँकेचे संकेतस्थळ उघडले आहे. तरीही ओटीपी येत नाही, असे घडते. कारण ओटीपीचा संदेश राउटरकडे येत नसतो, तो फोनमधील सिमकार्डावर येतो आणि फोन आपल्या छोट्याशा अँटेनावरच विसंबून असतो. राउटरने फोनचे मोबाइल नेटवर्क सुधारत नाही. काही कंपन्यांच्या वाय-फाय कॉलिंग सुविधेने ही अडचण सुटते, तथापि ती आधी सुरू करून पडताळून पाहावी. भारतातील खात्याचा व्यवहार परदेशातून करायचा असेल, तर नोंदणीकृत क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे. मुदतीचा हप्ता किंवा विम्याचे नूतनीकरण वाटेवर येत असेल, तर ते घरूनच उरकून निघणे हे सर्वांत शहाणपणाचे.

कॅम्पग्राउंडचे मोफत वाय-फाय चित्रपटासाठी ठीक. पैशांचे व्यवहार मात्र स्वतःच्या सिमवरूनच करावेत. नव्या राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि त्याची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी. कुलूप न बदलता भाड्याच्या घरात तिजोरी ठेवण्यासारखा निष्काळजीपणा दुसरा नाही.

आपल्या वाटेवर

हा विषय केवळ सातासमुद्रापारचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी या दिशेने पाऊल टाकले. खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या बँक वाहनांपुढेही तेच प्रश्न असतात : डोंगराआडचा मनोरा, वाहनाचे पत्र्याचे छत, बॅटरीतील मोजकी वीज. सह्याद्रीतील एखाद्या वाडीवर वृद्ध महिलेची निवृत्तिवेतनाची रक्कम जेव्हा त्या वाहनातून दिली जाते, तेव्हा दोन कंपन्यांची सिमकार्डे आणि छतावरील एक अँटेना यांवर तिची सकाळची पायपीट सार्थकी लागते की वाया जाते, हे ठरते.

सारांश, अंथरूण पाहून पाय पसरावेत हेच येथेही खरे. आपली वाट कोठून जाते, त्या वाटेवर कोणाचे मनोरे आहेत, खंड पडला तर किती नुकसान होईल आणि बॅटरीत किती वीज आहे, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. मग दुकानात जावे. चाकांवरच्या घराचे स्वातंत्र्य हे हवे तेव्हा निघून जाण्यात आहेच. पण मागे राहिलेल्या माणसांना हवे तेव्हा ‘सुखरूप आहोत’ असे कळविता येण्यात ते अधिक आहे.