त्रिपद विधानें



वाक्याचे उद्देश्य व विधेय असे दोन भाग पाडण्याची संवय आपणांस शाळेंत लागते. संगणकासाठीं माहिती लिहिण्याच्या एका पद्धतींत मात्र प्रत्येक विधानाचे तीन भाग पडतात. अधिक नाहींत, उणेहि नाहींत. ‘आरडीएफ’ हें तिचें नांव. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें १९९९ सालीं तिला प्रथम मान्यता दिली. पायथन भाषेंत या कामासाठीं ‘आरडीएफलिब’ ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संग्रह, उपलब्ध आहे.

मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं प्रसिद्ध झालें. कवि केशवसुत हे त्यांचे वडील बंधु. याचीं तीन विधानें होतात: ‘व्याकरण–लेखक–दामले’, ‘व्याकरण–प्रकाशनवर्ष–१९११’, ‘दामले–बंधु–केशवसुत’. ज्याविषयीं बोलावयाचें तें पहिलें पद, मधलें संबंधाचें, आणि संबंध जेथें पोंचतो तें तिसरें. तिसऱ्यास कर्म म्हणण्याचा मोह आम्हां शिक्षकांना होतो. परंतु १९११ या आंकड्यावर कोणती क्रिया घडते बरें?

हीं विधानें ‘ॲड’ या आज्ञेनें ‘ग्राफ’ नामक संचांत घालावयाचीं. तेंच विधान दोनदां घातलें तरी एकदांच राहतें. शोधतांना ‘ट्रिपल्स’ ही आज्ञा द्यावी आणि अज्ञात पदाच्या जागीं ‘नन’ हा शब्द लिहावा. ‘नन–लेखक–दामले’ असें विचारतांच दामल्यांच्या नांवें नोंदलेले सारे ग्रंथ पुढें येतात.

खरी मेख तिसऱ्या पदांत आहे. ‘केशवसुत’ हीं पांच अक्षरें वेगळीं आणि तो कवि वेगळा. व्यक्तीस ‘यूआरआयरेफ’ म्हणून पत्त्यासारखी एकमेव खूण द्यावी लागते. नुसतीं अक्षरें ‘लिटरल’ ठरतात. कृष्णाजी केशव दामले आणि केशवसुत हीं दोन्ही नांवें मग त्या एकाच खुणेस जोडतां येतात. बंधूच्या जागीं केवळ अक्षरें लिहिलीं, तर साखळी तेथेंच तुटते. कारण नियमानें लिटरल हें पुढील विधानाचें पहिलें पद होऊं शकत नाहीं. कवीचें जन्मगांव मालगुंड असें अन्यत्र नोंदलेलें असूनहि ‘दामल्यांचे बंधु कोठें जन्मले?’ या प्रश्नास उत्तर येत नाहीं.

वर्षाचेंहि तसेंच. संख्या म्हणून लिहिलेलें १९११ आणि अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहिलेलें १९११ हीं यंत्रास भिन्न आहेत. एक नोंदून दुसरें शोधलें, तर यंत्र चूक दाखवीत नाहीं, रिकामें उत्तर देतें; आणि विचारणारा समजतो कीं असा ग्रंथच नाहीं. चुकीच्या उत्तराची शंका तरी येते, रिकाम्याची सहसा येत नाहीं.

पुसण्याची आज्ञा ‘रिमूव्ह’. तेथेंहि ‘नन’ चालतें, म्हणून हात जपून ठेवावा. ‘दामले–नन–नन’ पुसा म्हटलें, कीं दामल्यांपासून आरंभ होणारीं सर्व विधानें जातात. ‘व्याकरण–लेखक–दामले’ तेवढें राहतें, कारण त्यांत दामले तिसऱ्या जागीं आहेत. तिन्ही पदीं ‘नन’ लिहिलें तर संबंध ग्राफ रिकामा होतो.