शिडाच्या बोटीत नवी बॅटरी बसवताना नुसती बॅटरी बदलून का भागत नाही?

शिडाची बोट वाऱ्यावर चालते, मग तिला वीज कशाला लागते? किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघाले आणि एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी परतले. अशा पाच महिन्यांच्या प्रवासात बोट वारा पुढे नेतो. पण रात्रीचे दिवे, रेडिओ, जीपीएस आणि बोट दिशेवर ठेवणारा ऑटोपायलट यांना वीजच लागते. चार दिवसांच्या सफरीवर निघालेल्या छोट्या बोटीचेही तेच. ही वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्यांना ‘हाऊस बॅटरी’ म्हणतात. त्या बदलण्याचे काम दिसायला सोपे असले तरी त्यातील चूक खोल समुद्रात महागात पडते.

हाऊस बॅटरी म्हणजे काय?

बोटीत साधारणपणे दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी. ती काही सेकंद शेकडो अँपिअर देते आणि पुन्हा भरली जाते. दुसरी हाऊस बॅटरी. तिच्यावर दिवे, फ्रिज, पंप आणि सगळी उपकरणे तासन्‌तास चालतात. गाडीची बॅटरी आणि घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी यांत जो फरक, तोच या दोघींत. दोन्ही वेगळ्या ठेवण्याचे कारण साधे आहे : रात्रभर फ्रिज चालून हाऊस बॅटरी उतरली, तरी सकाळी इंजिन सुरू झाले पाहिजे.

बॅटरी किती मोठी हवी?

आधी दिवसाचा खर्च मांडावा लागतो. उदाहरणादाखल मध्यम आकाराची, १२ व्होल्टवर चालणारी बोट घेऊ. उष्ण हवेत तिचा फ्रिज दिवसाला ६० एएच, म्हणजे अँपिअर-तास, घेतो. ऑटोपायलटला ४०, नकाशाचा पडदा व रेडिओ यांना ३० आणि दिवे, पंखे, पाण्याचा पंप यांना २० धरले, तर बेरीज १५० एएच होते. घरच्या वीजबिलाच्या हिशेबात हे दोन युनिटही नाहीत. पण समुद्रात मीटरच्या मागे महावितरण नसते. तेवढीच वीज सौर पॅनेल किंवा इंजिनावरच्या अल्टरनेटरने परत भरावी लागते.

लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे १५० एएच वापरायचे तर ३०० एएचची बॅटरी लागते. तिचे वजन ८० किलोच्या पुढे जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते. तिथे २०० एएच पुरते आणि वजन २५ किलोच्या आसपास राहते. शिवाय ती काही हजार वेळा भरता-उतरवता येते. मोबाइलमधील लिथियम बॅटरीच्या तुलनेत तिचे रसायनही उष्णतेला अधिक स्थिर आहे. म्हणूनच अनेक बोटमालक जुनी काढून हीच बसवतात.

मग अडचण कुठे येते?

अडचण अल्टरनेटरपासून सुरू होते. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की स्वतःहून कमी करंट घेऊ लागते. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो. ती जवळपास पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. बोटीवरचा साधा अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालण्यासाठी बनवलेला नसतो. इंजिन संथ फिरत असताना त्याचा पंखाही संथ असतो, त्यामुळे तो तापून जळू शकतो.

दुसरा धोका उलट बाजूने येतो. लिथियम बॅटरीत बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, असते. व्होल्टेज किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की ती बॅटरीचा संबंध तोडते. अल्टरनेटर पूर्ण जोरात चालू असताना असे झाले, तर त्या करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड, कधी कधी नकाशाचा पडदा आणि रेडिओही निकामी होतात.

यावरचा रुळलेला उपाय असा : अल्टरनेटर इंजिनाच्या लेड-ॲसिड बॅटरीलाच जोडलेला ठेवायचा आणि तिथून डीसी-टू-डीसी चार्जरमार्फत ठरावीक करंट हाऊस बॅटरीकडे न्यायचा. जुन्या बोटींत दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी थेट जोडणारा रिले असतो. तो काढावा लागतो. किनाऱ्यावरच्या विजेचा चार्जर आणि सौर कंट्रोलर हेही लिथियमच्या व्होल्टेजवर सेट करावे लागतात.

जाड वायर का लागते?

घरात १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही. बोटीत इन्व्हर्टरवर तेवढेच वॅट चालवायचे तर १२ व्होल्टच्या बाजूला ९० ते १०० अँपिअर वाहतात. इथे वायरची जाडी निर्णायक ठरते. बॅटरीपासून इन्व्हर्टर ३ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटर वायर होते. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये १०० अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच जिरतात, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. ५० चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हे नुकसान निम्म्यावर येते. वाटेत जिरलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते, ही त्यातली खरी काळजी.

खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते, म्हणून बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची वायर वापरतात. टोकाचे लग योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबून वर गोंदाची हीट-श्रिंक नळी चढवतात. पक्कडीने चेपलेला लग सैल राहतो आणि सैल जोड तापतो.

फ्यूज कुठे बसवायचा?

फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. मुख्य फ्यूज वाचवतो ती वायर. लाटांच्या हेलकाव्यांनी पॉझिटिव्ह वायरचे आवरण घासले आणि ती इंजिनाच्या धातूला टेकली, तर बॅटरी क्षणात हजारो अँपिअर सोडते. फ्यूज नसेल तर वायर लाल होऊन भोवतीचे लाकूड, फायबर पेटते. समुद्रात बंब बोलावता येत नाही.

म्हणूनच फ्यूज शक्य तेवढा बॅटरीजवळ हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच आहे. थेट बॅटरीला जोडलेली वायर नळीत किंवा वेगळ्या आवरणात असेल तर ७२ इंचांपर्यंत सूट मिळते. फ्यूजचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा कमी आणि नेहमीच्या वापरापेक्षा जास्त असावा. लिथियमसाठी आणखी एक आकडा पाहावा लागतो : शॉर्टसर्किटचा किती मोठा करंट तो फ्यूज सुरक्षितपणे तोडू शकतो. ही क्षमता अपुरी असली तर फ्यूज वितळूनही आत ठिणगीचा झोत सुरूच राहू शकतो. म्हणून तिथे २०,००० अँपिअर तोडू शकणारा ‘क्लास टी’ फ्यूज वापरतात.

जोडणीचा क्रम कसा असतो?

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वायरवर चिठ्ठी लावून फोटो काढून ठेवतात. मग सर्व उपकरणे आणि चार्जर बंद करतात, सौर पॅनेल कंट्रोलरपासून सोडवतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढतात, पॉझिटिव्ह नंतर. बसवताना उलट : पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवणे आणि पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळणे आवश्यक असते.

दोन बॅटऱ्या समांतर जोडताना बोटीची पॉझिटिव्ह वायर पहिल्या बॅटरीवर आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीवर घेतात. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवर घेतल्या तर तीच जास्त राबते आणि लवकर संपते. याच कारणाने जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडत नाहीत.

लिथियमचे व्होल्टेज बहुतेक काळ १३ च्या जरा वर स्थिर राहते. त्यामुळे केवळ व्होल्टमीटर पाहून शिल्लक कळत नाही. निगेटिव्ह बाजूला शंट बसवून आत-बाहेर जाणारा करंट मोजावा लागतो. बोटीतल्या सर्व निगेटिव्ह वायरी शंटमार्फतच बॅटरीकडे गेल्या पाहिजेत. एखादी थेट गेली, तर तिचा हिशेब लागत नाही.

तळाशी साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप मात्र मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर जोडतात. मालक सगळे बंद करून घरी गेला तरी तो चालू राहायला हवा.

शेवटी बॅटरी पट्ट्यांनी घट्ट बांधतात. वरील मानकानुसार ४१ किलोच्या ओढीलाही ती एका इंचाहून जास्त हलता कामा नये. इंजिनासाठी लेड-ॲसिड बॅटरी ठेवली असेल, तर तिच्या खोक्याला हवा खेळती लागते. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो.

काम संपल्यावर बोट धक्क्यालाच बांधलेली ठेवून सगळी उपकरणे एकदम चालवतात आणि अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाचे तापमान तपासतात. गरम लागलेला जोड तिथेच उघडून नव्याने क्रिम्प करता येतो. हेच काम रात्री, उसळत्या समुद्रात, बॅटरीवर हात ठेवून करणे फार अवघड असते.